मुधोळचं पिल्लू नको, मोठं झालेलं कुत्रं घरी आणा

मुधोळ कुत्र्याचा अभिमान सीमाभागातल्या मराठी माणसाला जरा जास्तच आहे, आणि तो असायलाही हवा. मुधोळ हे उत्तर कर्नाटकातलं घोरपड्यांचं जुनं संस्थान, आणि तिथलं हे सडपातळ शिकारी कुत्रं. शिकारीवर जगणाऱ्या लोकांकडे विखुरलेली ही कुत्री वेचून त्यांची पैदास मार्गी लावण्याचं श्रेय मालोजीराजे घोरपड्यांना दिलं जातं. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. 2016 मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात या कुत्र्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव घेतलं आणि मुधोळ-जमखंडीकडे पिल्लं बघायला जाणाऱ्यांची रीघ लागली. बेळगावातल्या कितीतरी घरांत तेव्हा पिल्लं आली. कुणी शेतावर ठेवायला नेलं, कुणी बंगल्याच्या राखणीला, कुणी नुसतंच हौसेनं.

हे सगळं कौतुक पिल्लाचं असतं. पिल्लू दीड वर्षात पूर्ण वाढतं आणि नीट सांभाळलं तर पुढं दहा-बारा वर्षं जगतं. त्या दहा-बारा वर्षांची जबाबदारी कुणाची, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ज्या घराला हे कुत्रं पाळायची मनापासून इच्छा आहे, त्या घरानं पिल्लू विकत आणू नये. टाकून दिलेलं, कुणीतरी सोडवून आणलेलं मोठं कुत्रं आणावं. आणि सरकारनं पैदाशीला जेवढा हात दिला, तेवढाच या मोठ्या कुत्र्यांना घर मिळण्यासाठी द्यावा.

ही कुत्री रस्त्यावर येतात कशी, हे आधी बघू. मुधोळ कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारं. लांबवर काही हललं की ते बघतं आणि सुटतं. सशामागं धावण्यासाठीच त्याची शरीरयष्टी घडली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, तरी रात्री बॅटऱ्या घेऊन रानात जाणारी टोळकी आपल्याकडे संपलेली नाहीत. अशा कुत्र्याचा पाय एकदा मोडला, ते दगडात आपटलं, काटेरी तारेत फाटलं, की मालकाला त्याचा उपयोग उरत नाही. माद्यांचं वेगळं. तीन-चार वेळा व्यायल्या, पिल्लांची संख्या घटली, की त्यांना घालायची भाकरीही महाग वाटायला लागते. तिसरी गोष्ट शहरातल्या हौसेची. राखणदार म्हणून आणलेलं कुत्रं अनोळखी माणूस दिसला की भुंकण्याऐवजी मागं सरकतं, गच्चीवर कोंडलं की दार ओरबाडतं, शेजारच्या कोंबड्या धरतं. मग एक दिवस त्याला गाडीत घालून गोकाक रस्त्याला उसाच्या फडाशेजारी सोडून येतात. सोडणाऱ्याला वाटतं, शिकारी कुत्रं आहे, पोट भरेल आपलं आपण. ते भरत नाही. माणसाच्या हातून भाकरी-दूध खात वाढलेलं जनावर ज्या वळणावर सोडलं त्याच वळणावर चार-चार दिवस उभं राहतं, कारण गाडी तिथूनच गेलेली असते.

अशीच एक मादी वडगावच्या एका विणकर कुटुंबात आली. मी तिला आल्यापासून बघतो आहे. दातांवरून डॉक्टरांनी वय चार-पाच वर्षं सांगितलं. सड लोंबलेले, म्हणजे बऱ्याच वेळा व्यालेली. मागच्या डाव्या पायाचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. घरात दोन यंत्रमाग, त्यांची खडखड दिवसभर. पहिले काही दिवस ती मागांच्या खोलीपासून सगळ्यांत लांब, न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून बसायची. कुणी हात पुढं केला की अंग चोरायची, पण गुरगुरली कधी नाही. मराठीत हाक मारली की नुसती बघायची. घरच्या आजींनी सहज कन्नडमध्ये 'बा, बा' म्हटलं तेव्हा पहिल्यांदा कान हलले आणि ती दोन पावलं पुढं आली. आपल्याकडे दोन्ही भाषा प्रत्येक घरात, त्यामुळे अडलं काहीच नाही. पुढं ती माग चालू असताना त्याच खोलीच्या उंबऱ्यावर झोपायला लागली. आजी म्हणाल्या, "आधी आवाजाला घाबरायची वो. आता माग बंद पडला की उठून बघती, काय झालं म्हणून."

मोठं कुत्रं रुळत नाही, लळा लावत नाही, असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात तेव्हा मला ही मादी आठवते. पण एका उदाहरणावर मी विसंबत नाही. कुत्री सोडवण्याचं काम करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असतो: पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत समजून घेण्याचे, तीन महिने आपलं म्हणण्याचे. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. पण या काळात तुमच्यासमोर जे कुत्रं असतं त्याची उंची, वजन, स्वभाव, आवाज, मुलांशी वागणं, सगळं दिसत असतं. पिल्लाच्या बाबतीत यातलं काहीच कळत नाही. पिल्लू बघताना आपण गोंडसपणा बघतो आणि पुढं येणाऱ्या 25 किलोच्या, ताशी 45-50 किलोमीटरनं पळू शकणाऱ्या जनावराचा अंदाज करत बसतो. तो अंदाज चुकला की भोगतं कुत्रं.

आपल्या भागातल्या घरांकडे बघा. टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडीत किती घरं अशी आहेत, जिथं मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आणि घरात साठी ओलांडलेलं जोडपं! अशा घराला पिल्लू झेपत नाही. चपला, सोफा, वायरी यांचा फडशा, दर दोन तासांनी बाहेर नेणं, रात्रीचं रडणं, आणि दोन वर्षं न संपणारी धाव. चार-पाच वर्षांचं मुधोळ कुत्रं मात्र दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतं. सकाळ-संध्याकाळ पट्ट्याला धरून लांब फिरवलं, मधेअधे बंद आवारात मनसोक्त धावू दिलं, की ते घरात आहे हेही जाणवत नाही. भुंकणं कमी, घाण करणं जवळजवळ नाही, केस आखूड असल्यामुळे घरभर लोकर नाही. ज्यांना सोबत हवी आहे आणि हातापायांत पूर्वीसारखा जोर राहिलेला नाही, त्यांच्यासाठी मोठं कुत्रं मला पिल्लापेक्षा कितीतरी योग्य वाटतं.

तरीही प्रत्येक घरानं हे कुत्रं आणावं असं मी म्हणणार नाही. परड्यात कोंबड्या असतील, घरात मांजर असेल, शेळीची करडं मोकळी फिरत असतील, तर विचार सोडून द्या. पळणाऱ्या लहान जनावरामागं धावणं हे शेकडो पिढ्यांचं निवडून ठेवलेलं वागणं आहे. ओरडून, मारून ते जात नाही. काही मोठी कुत्री मांजराबरोबर राहायला शिकतात, पण ते त्या-त्या कुत्र्यावर असतं, आणि आणण्याआधी तपासता येतं. रस्त्यावर पट्टा सोडून फिरवायचं नाही, कधीच नाही. त्याच्या डोळ्यांना पाव किलोमीटरवरची शेळी दिसली की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि मधे महामार्ग आहे की ओढा, हे ते बघत नाही. आवाराची भिंत पुरुषभर उंच हवी. राखणीला कुत्रं हवं असेल तरी हे नको. लष्कर त्याच्याकडून काम करून घेतं ते प्रशिक्षण देऊन, आणि तिथंही त्याची खरी किंमत वेग आणि नजर यांची आहे.

पट्ट्याचीही एक गोष्ट आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. या कुत्र्याचं डोकं मानेइतकंच बारीक. बाजारातला साधा पट्टा घातला आणि ते घाबरून मागं सरकलं, की पट्टा कानांवरून सर्रकन निघून येतो. नवीन आणलेली कुत्री हरवतात ती बहुतेक अशीच, पहिल्या आठवड्यात. रुंद, ओढलं की आवळणारा पण गळफास न बसणारा पट्टा लागतो, नाहीतर छातीभोवतीचा. चामड्याचं काम करणाऱ्याकडून मापाचा शिवून घेता येतो.

दिसायला ते नेहमीच उपाशी दिसणार. फासळ्यांच्या दोन-तीन रेषा आणि कमरेवरची हाडं दिसणं हे त्याच्या तब्येतीचं लक्षण आहे. शेजारणीनं हळहळून कितीही सांगितलं तरी भाताचा डोंगर वाढायचा नाही. मुधोळकडे त्यांना जोंधळ्याची भाकरी, मका, दूध, अंडी यांवर वाढवतात. भाकरी ताकात कुस्करून, सोबत अंडं किंवा थोडं मटण, दिवसातून दोनदा थोडं-थोडं. छाती खोल असल्यामुळे एकदम पोटभर खाऊन लगेच धावलं तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, म्हणून जेवणानंतर तासभर विश्रांती.

आणि बेळगावचा पाऊस. मुधोळ कोरड्या मुलखातलं गाव, घटप्रभेच्या काठचं पण उन्हाचं. तिथून हे कुत्रं खानापूर-जांबोटीकडच्या चार महिन्यांच्या झडीत येतं. अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी इतकी पातळ की उसाच्या पाल्यानंही चिरते. जुलैमध्ये त्याला ओसरीवर नुसत्या फरशीवर बांधून ठेवणं म्हणजे छळ आहे. त्याला घरात जागा हवी, खाली गोणपाट आणि त्यावर जुनी वाकळ हवी. नाहीतर कोपरांना घट्टे पडून त्यांच्या जखमा होतात. वडगावच्या आजींनी तिला त्यांचीच एक वाकळ दिली आहे. पाऊस उघडला की ती अंगणात उन्हाच्या पट्ट्यात जाऊन पडते आणि पट्टा सरकेल तशी सरकते.

डॉक्टरांकडे नेताना एक गोष्ट आवर्जून सांगायची: हे धावणाऱ्या जातीचं, बिनचरबीचं कुत्रं आहे. भुलीची काही औषधं अशा कुत्र्यांच्या शरीरातून उतरायला जास्त वेळ घेतात. जाणकार डॉक्टर त्याप्रमाणे औषध निवडतात. नसबंदी करून घ्यायचीच, मादीची तर नक्कीच, म्हणजे तिच्या पिल्लांवर पुन्हा कुणाचा डोळा राहत नाही. आधीची लस माहीत नसते, तेव्हा दिलीच नाही असं धरून रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस द्यावी. रक्त तपासून घ्यावं, कारण उसाच्या रानातून आलेल्या कुत्र्याला गोचिडांमुळे येणारा ताप आतल्या आत असू शकतो, आणि वेळेवर कळला तर तो साध्या औषधानं बरा होतो.

इथं एक रास्त प्रश्न विचारला जातो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. गल्लीगल्लीत गावठी कुत्री घर शोधत असताना या जातिवंत कुत्र्यांची एवढी काळजी कशाला? गावठी कुत्रं आणणाऱ्याला मी कधीही अडवणार नाही. ज्यांच्याकडे फ्लॅट आहे, लहान आवार आहे, त्यांनी तेच आणावं असं मी सांगतो. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांबद्दल जो आदेश सुधारून दिला, त्यात पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घेण्याची मोकळीक आहे, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये ही जबाबदारी घेणाऱ्याची. ही अट मला मनापासून पटते, आणि मुधोळच्या मोठ्या कुत्र्यालाही ती तशीच लागू व्हावी. फरक एवढाच की गावठी कुत्र्याला गल्ली असते, ओळखीची दारं असतात, थंडी-पाऊस सोसणारं अंग असतं. मुधोळ कुत्र्याला माणसाशिवाय काही नाही. भटक्यांच्या टोळीत ते मार खातं, कचऱ्यावर जगायची त्याला सवय नसते, रस्त्यावर आठवडाभरात त्याची रया जाते. ज्याला माणसानं मुद्दाम असं घडवलं, त्याच्या बाबतीत माणसाचं देणंही जास्त लागतं. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आपण रोज बघतो, गुरुवारी त्यांनाही फूल वाहतो. दारातल्या जिवंत कुत्र्यापर्यंत ती भावना पोहोचायला अडचण नसावी.

आता सरकारकडे वळतो, कारण हा प्रश्न केवळ चांगल्या घरांच्या जिवावर सुटणारा नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भूक-तहानेनं हाल होतील अशा रीतीनं जनावर टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला. गोकाक रस्त्यावर कुत्रं सोडून परत येताना लोक चहा-भज्यांना याहून जास्त पैसे देतात. दंड काही हजारांत गेल्याशिवाय आणि कुत्रं कुणाचं हे ओळखता आल्याशिवाय हा कायदा कागदावरच राहणार. ओळखायचा उपाय महाग नाही. पैदास करणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, हे 2017 च्या कुत्र्यांच्या पैदास-विक्री नियमांत आहेच. विक्रीच्या वेळीच प्रत्येक पिल्लाच्या कातडीखाली ओळख सांगणारी बारीक चिप (मायक्रोचिप) बसवावी, म्हणजे चार वर्षांनी ते रस्त्यावर सापडलं तरी कुणाकडून कुणाकडे गेलं ते कळेल.

मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. जात टिकवण्याचं मोठं काम या केंद्राकडे आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण जात टिकवणं म्हणजे जन्माला घालत राहणं एवढंच होत नाही. त्याच केंद्राला जोडून, किंवा बेळगावात, मोठ्या सोडवलेल्या कुत्र्यांसाठी काही खोल्या आणि एक धावपट्टी का असू नये? तिथं त्यांची तपासणी व्हावी, नसबंदी व्हावी, स्वभाव नोंदवला जावा, मांजर-मुलं-इतर कुत्री यांच्याशी कसं वागतं ते लिहिलं जावं, आणि मग घर शोधलं जावं. घेणाऱ्याबरोबर एक पानी करार, मराठीत आणि कन्नडमध्ये. सीमाभागात हे मुद्दाम सांगावं लागतं. ज्या आजींना करार समजून घेऊन त्याखाली सही करायची आहे, त्यांना तो त्यांच्या भाषेत वाचता आला पाहिजे. कुत्री विकत घेणारे निम्मे लोक कोल्हापूर-सांगलीकडून येतात असं पैदास करणारेच सांगतात. तेव्हा सापडलेल्या कुत्र्यांची यादी दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी एकत्र ठेवली, तर कागलला हरवलेलं कुत्रं निपाणीत सापडल्यावर त्याच्या मालकापर्यंत पोहोचेल.

पैदास करणाऱ्या कुटुंबांवर हे ओझं होईल, ही तक्रार मी समजू शकतो. मुधोळ, जमखंडी भागात कितीतरी अल्पभूधारक आणि भूमिहीन घरं या पिल्लांच्या विक्रीवर दोन पैसे बघतात. मुलीची फी, बियाणं, दवाखाना त्यातून निघतो. त्यांचा धंदा बंद करा असं म्हणणं अन्यायाचं होईल, आणि मी ते म्हणत नाही. पण आज पिल्लाची किंमत ठरते ती आठ आठवड्यांच्या खर्चावर. त्याच्या पुढच्या आयुष्याची काही तजवीज त्या किमतीत असायला हवी. प्रत्येक विक्रीमागं थोडी रक्कम वेगळी काढून ती केंद्राकडे जमा व्हावी, आणि घेणाऱ्याला कुत्रं झेपलं नाही तर त्यानं ते रस्त्यावर न सोडता तिथं परत द्यावं. गरीब पैदासदाराला परत आलेली दोन कुत्री पोसणं शक्य नाही; केंद्राला आहे. पिल्लू थोडं महाग होईल. महाग झालेलं चालेल. आज जो माणूस सहज हौसेनं दोन पिल्लं उचलतो तो कदाचित एकच घेईल, किंवा विचार करून केंद्रातलं तीन वर्षांचं मोठं कुत्रं घेईल, आणि मादीला वर्षातून दोनदा व्यायला लावायची निकडही कमी होईल.

तोवर ज्यांना हे कुत्रं हवं आहे त्यांनी पिल्लासाठी आगाऊ पैसे देण्याआधी बेळगावातल्या प्राणिमित्रांकडे, पशुवैद्यकीय दवाखान्यात, ओळखीच्या डॉक्टरांकडे एकदा चौकशी करावी. मोठं मुधोळ कुत्रं कुणाच्या तरी ओसरीवर, तात्पुरत्या आसऱ्याला, बहुतेक वेळा असतंच. भेटायला एकट्यानं जाऊ नये, घरातल्या सगळ्यांना घेऊन जावं. त्याच्या अंगावर लगेच हात टाकू नये. बाजूला जमिनीवर बसावं आणि त्याला जवळ येऊन वास घेऊ द्यावा. ते दहा मिनिटांत येईल किंवा पहिल्या भेटीत येणारही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं.